कळलावी ओळखा, अंगणातही लावा

श्रावण लागला की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात झुडपांवर, शेताच्या कुंपणांवर कळलावी फुलते. ओळखायची ती पानावरून: टोक लांबून गोल वळतं आणि त्यानेच वेल आधार पकडते. फुलाच्या 6 पाकळ्या वर उलटलेल्या, कडा नागमोडी. पिवळा रंग हळूहळू लालभडक होतो. माझ्या मते याहून देखणं रानफूल आपल्याकडे नाही.

पावसाळ्याआधी कंद निचऱ्याच्या मातीत आडवा पुरा; कोंब जपा. हिवाळ्यात वेल वाळते, कंद जिवंत असतो. तेव्हा पाणी बंद. सगळं झाड विषारी आहे, लेकरं आणि शेळ्यांपासून लांबच ठेवा.

ज्ञानगंगा अभयारण्यातून मात्र काहीही उपटू नका, 1972च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. कंद रोपवाटिकेतूनच आणा.