कांदोळीचे फारिया आणि संमोहनाची अडीच शतकं

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. झगा घातलेला पाद्री हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कलंडते आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल 1945. बघणाऱ्याला वाटावं, पाद्र्याच्या हातातून काहीतरी निघतंय आणि बाईला लागतंय. गंमत अशी, की हेच खोटं आहे असं हा पाद्री पॅरिसमध्ये कानीकपाळी ओरडून सांगत होता.

त्याच्या आधी पॅरिस गाजवलं होतं फ्रान्झ मेस्मर या व्हिएन्नाहून आलेल्या डॉक्टरने. शरीरात एक चुंबकी प्रवाह वाहतो, तो अडला की माणूस आजारी पडतो आणि आपण तो मोकळा करतो, असा त्याचा दावा. रुग्ण पाण्याच्या मोठ्या पिंपाभोवती बसत, पिंपातून निघालेल्या लोखंडी सळया दुखऱ्या भागाला लावत. कुणी थरथरे, कुणी किंचाळे, कुणी बरंही होई. 1784 मध्ये सोळाव्या लुईने चौकशी नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हाझिए हे दोघेही तिच्यात होते. बागेतलं एकच झाड ‘भारून’ एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडापाशी नेलं, तर तो भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. प्रवाह वगैरे काही नाही, हा सगळा कल्पनेचा परिणाम, असा अहवाल आला. नुसत्या कल्पनेने मुलगा कोसळत असेल, तर तिच्याच जोरावर कुणाचं दुखणं हटेल का, हे मात्र आयोगाने तपासलं नाही.

पुतळ्यातले पाद्री जुझे कुश्तोदियु द फारिया यांनी नेमकं तेच धरलं. जन्म 1756, बारदेशातल्या कांदोळीचा. 1771 मध्ये वडिलांबरोबर लिस्बनला गेले, तिथून रोमला शिकायला. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि वाचाच बसली, तेव्हा वडील खालून कोकणीत पुटपुटले, ‘कातर रे भाजी!’ समोर बसलेत ती सगळी भाजी समज आणि काप. पोराची जीभ सुटली. आख्यायिकाच ती, पण गोव्यात अजून सांगतात. खरी असेल, तर फारियांना पहिली सूचना बापाने दिली म्हणायची!

1813 पासून पॅरिसमध्ये ते जाहीर प्रयोग करू लागले. ना पिंप, ना सळया. माणसाला खुर्चीत बसवायचं, शांत करायचं आणि ठाम आवाजात ‘झोपा’ म्हणायचं. झोप लागते ती माझ्यामुळे नाही, तुमच्या स्वतःमुळे, हे त्यांचं म्हणणं. ज्यांचं रक्त पातळ त्यांना ती लवकर लागते, असंही ते मानत. ते साफ चुकलं. 1816 मध्ये रंगभूमीवर त्यांची टर उडवणारं नाटक आलं आणि लोक पांगले. 1819 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी ते वारले. पुढे अलेक्झांडर द्यूमाने ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मध्ये त्यांचं नाव घेऊन एक म्हातारा कैदी रंगवला, आणि जगाच्या लक्षात राहिला तो कैदी.

भारतात हा विषय आला तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर. 1845 मध्ये बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने एका कैद्यावर गुंगीत शस्त्रक्रिया केली, मग अशा कितीतरी केल्या. मदतनीस अंधाऱ्या खोलीत तासन् तास रुग्णाच्या अंगावरून हात फिरवत. अंडवृद्धीच्या अवजड गाठी काढताना माणूस ओरडत नाही, हे पाहून सरकारने कलकत्त्यात त्याला रुग्णालयही दिलं. पण एस्डेलचा भरवसा पुन्हा त्या चुंबकी प्रवाहावरच. तेवढ्यात ईथर आणि क्लोरोफॉर्म आले; काही मिनिटांत काम होऊ लागल्यावर तासन् तास हात कोण फिरवणार?

मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने 1843 मध्ये सगळं एकाग्रतेशी जोडलं, नान्सीच्या बर्नहाइमने सूचनेशी. फ्रॉइड बर्नहाइमकडून शिकला आणि पुढे संमोहन सोडून निघून गेला. 1959 मध्ये स्टॅनफर्डला संमोहनक्षमता मोजायच्या चाचण्या तयार झाल्या. त्यांतून दिसलं, की साधारण 10 ते 15 टक्के लोक सहज खोल जातात, जवळपास तेवढेच जातच नाहीत, उरलेले मध्ये कुठेतरी. फरक संमोहनकाराच्या नजरेपेक्षा समोरच्या माणसात असतो. फारियांचं म्हणणं आकड्यांत उतरलं ते असं, दीडशे वर्षांनी.

मग यातून माणूस बदलतो का? सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो पोटाचा. तपासण्या नॉर्मल येतात, पण पोटात कळा आणि शौचाची कायम अडचण, अशा ‘इरिटेबल बॉवेल’च्या 30 रुग्णांवर पीटर व्हॉरवेल यांनी मँचेस्टरमध्ये प्रयोग केला, तो 1984 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नुसत्या बोलण्याच्या उपचारापेक्षा संमोहनाचा गट कितीतरी सुधारला. रुग्ण पोटावर हात ठेवून ऊब जाणवू देतो, आतड्यांची चाल शांत नदीसारखी डोळ्यांपुढे आणतो, आणि घरी रोज टेप लावून तेच करतो. खरं काम त्या घरच्या सरावात आहे. वर्षभर औषधांनी गुण न आलेल्यांसाठी ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत 2008 पासून हा पर्याय दिलेला आहे.

सिगारेटचं तसं नाही. जाहिराती सर्वांत जास्त तिच्याच, ‘एका बैठकीत व्यसनमुक्ती’च्या. पण वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2019 च्या आढाव्याला, संमोहन इतर उपायांपेक्षा सरस आहे असं म्हणण्याइतका पुरावा सापडला नाही. ज्याचं सोडायचं आधीच ठरलंय त्याला हात मिळेल. ज्याला बायकोने ओढत आणलंय त्याचे पैसे वाया जातील, असं माझं मत. आणि विसरलेल्या, किंवा गेल्या जन्मीच्या, आठवणी उकरून देणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहावं. गुंगीत माणूस घडलेलं आणि सुचवलेलं यांची सरमिसळ करतो, आणि वर ते खरंच म्हणून छातीठोकपणे सांगतो.

म्हणून जायचंच असेल, तर मानसशास्त्राचं किंवा वैद्यकाचं रीतसर शिक्षण असलेल्याकडे जा, आधी आजाराचं निदान करून घ्या, आणि घरी काय सराव करायचा हे पहिल्याच भेटीत विचारा. ‘तुम्हाला काहीच करायचं नाही, सगळं मी करतो’ असं उत्तर आलं, तर फी न भरता उठा.