मोत्याच्या नाकाला काम



अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आमची वस्ती आहे. भोवती ऊस आणि उसात बिबट्या. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या एकूण भक्ष्याच्या वजनात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला.

म्हणून आम्ही मोत्याला दिवेलागणीलाच घरात घेऊ लागलो. त्याचा जीव सुरक्षित झाला, पण घराची शांतता गेली. तो दार ओरबाडी, चपला कुरतडी, रात्रभर कुईकुई करी. मी रागावलो, त्याला साखळीला बांधलं. त्याने ओढून ओढून मानेची कातडी सोलून घेतली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की हा मस्तीला आलेला नाही, बेकार झाला आहे. रात्रभर वास घेत, कानोसा घेत राखण करणं हे त्याचं काम, आणि तेच आपण काढून घेतलं.

अशा कुत्र्यासाठी डोकं चालवायला लावणारी खेळणी मिळतात. खाऊ आत दडवायचा आणि त्याने तो शोधून काढायचा, एवढंच त्यातलं तत्त्व. अमेरिकेत १९७० च्या दशकात ज्यो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा कुत्रा दगड चावून दात झिजवत असे. त्याला मोटारीचा एक रबरी भाग फार आवडला. त्यावरूनच आतून पोकळ असं ‘काँग’ हे रबरी खेळणं जन्माला आलं.

खेळणं घेताना किमतीपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. ते कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये, नाहीतर घशात अडकेल. अंगठ्याचं नख दाबल्यावर त्यात थोडं रुतलं पाहिजे. दगडासारख्या कठीण वस्तूने दात तुटतात. पोकळ खेळण्याला दोन भोकं असावीत. एकच असेल तर हवा ओढली जाऊन जीभ आत अडकू शकते. आणि ते आतून धुता आलं पाहिजे, नाहीतर उरलेलं अन्न कुजतं.

विकतचं नको असेल, तर घरात काय कमी आहे? इडलीपात्राच्या वाट्यांत भाकरीचे तुकडे ठेवा आणि वर जुने चेंडू ठेवा. किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत तुकडे गुंडाळा. पहिल्या दिवशी काम इतकं सोपं ठेवा, की लगेच यश येईल. मग हळूहळू अवघड करा. सुरुवातीलाच जमलं नाही, तर कुत्रा नाद सोडतो किंवा खेळणंच फाडतो. फाटलेले तुकडे तो गिळणार नाही, इकडे लक्ष असू द्या. हा खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करावा. कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट मात्र कधीही घालू नये. ते कुत्र्याला विषारी आहे. घरात दोन कुत्रे असतील तर दोघांना वेगळं बसवा, आणि खाताना मुलांना जवळ जाऊ देऊ नका.

नाकाला काम मिळालं की कुत्र्याचा स्वभावही खुलतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही कुत्र्यांना दोन आठवडे वासाने खाऊ शोधायला लावलं, तर काहींना मालकाच्या पायाशी चालायला शिकवलं. नंतरच्या चाचणीत वास घेणारे कुत्रे अधिक आशावादी ठरले.

आता रोज रात्री मी मोत्यासमोर टॉवेलची गुंडाळी टाकतो. पंधरा-वीस मिनिटं नुसता फुसफुस आवाज चालतो, मग तो दाराशी अंग टाकतो. बाहेर काही खुट्ट झालं की त्याचा एक कान अजून उभा राहतो. पण दार तो ओरबाडत नाही. आणि साखळी मी खुंटीवर टांगून ठेवली आहे.