व्याज कोणाचे?
पतिपत्नींच्या ठेवी आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र



प्राप्तिकरासारखा रुक्ष विषय वसंतातल्या सायंकाळी कोणी हौसेने ऐकावा असा नव्हे, हे आम्ही जाणतो. कायद्याचे पद्धतशीर शिक्षणही आम्हांस लाभलेले नाही. सभासदांची कामे करता करता जे वाचावे लागले तेवढेच आमचे शिक्षण. परंतु अलीकडे डोंबिवलीच्या आमच्या कचेरीत एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे: "घरच्यांच्या नावावरील ठेवीचे व्याज रिटर्नमध्ये कोणी दाखवायचे?" प्रश्न लहान दिसतो. त्याच्या पोटात मात्र घरातील पैसा नेमका कोणाचा, हा मोठा प्रश्न दडलेला आहे.

एक उदाहरण सांगतो. रेल्वेत नोकरीस असलेले आमचे एक सभासद आहेत. वार्षिक पगार १४ लाख. त्यांनी पगारातून साठविलेले ६ लाख रुपये पत्नीच्या नावे मुदतठेवीत ठेवले. त्या बाईंनी पूर्वी बारा वर्षे पोळीभाजीचे डबे पुरवून स्वतःचे २ लाख जमविले होते, तेही त्याच पावतीत घातले. दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेतला कारकून १५ जी नावाचा कागद पुढे करी, खूण केलेल्या जागी बाई सही करीत आणि व्याजातून कर कापला जात नसे. गेल्या वर्षी त्यांनी सही न करता तो कागद घडी करून पर्समध्ये घातला आणि यजमानांना घेऊन थेट आमच्याकडे आल्या. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, याचा अर्थ काय? मी कशावर सही करते आहे?"

ती ओळ अशी होती की, या अर्जातील उत्पन्न कलम ६० ते ६४ अन्वये दुसऱ्या कोणाच्याही उत्पन्नात मिळविण्याजोगे नाही. म्हणजे बाई दरवर्षी लिहून देत होत्या की हे सारे व्याज आपलेच आहे. आणि ते खरे नव्हते. लबाडी कोणाच्याच मनात नव्हती. कागद कोणी वाचला नव्हता, एवढेच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अमेरिकेत पतिपत्नींना एकच संयुक्त विवरणपत्र भरता येते. दोघांचे व्याज एकाच पत्रकात मांडून बेरजेवर कर आकारतात. इंग्लंडमध्ये १९९० पर्यंत पत्नीचे उत्पन्न पतीचेच समजण्याची रीत होती. त्या वर्षापासून दोघांची आकारणी वेगळी झाली. आपल्याकडे संयुक्त विवरणपत्र नाही. पतीचा पॅन वेगळा, पत्नीचा वेगळा; ज्याचे उत्पन्न त्याने दाखवावे. संगणकावर अर्ज भरताना "दोघांचे मिळून" असा रकाना शोधणारे पुष्कळ भेटतात. तो रकाना नाहीच.

पण वेगळेपणाचा गैरफायदा घेता येतो. श्रीमंत पती आपला पैसा पत्नीच्या नावे करून कर वाचवू लागले, म्हणून १९३७ साली त्या वेळच्या प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती झाली. तेच तत्त्व पुढे १९६१ च्या कायद्यात कलम ६४ म्हणून आले. पुरेसा मोबदला न घेता पतीने पत्नीला, अथवा पत्नीने पतीला, मालमत्ता दिली, तर तिचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरावयाचे. यालाच लोक क्लबिंग म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होत असल्याने कलमांचे आकडे बदलतात. तत्त्व तेच राहते.

या नियमाला मर्यादाही आहेत, आणि त्या बायकांच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. पत्नीने स्वतः कमावलेल्या पैशाचे व्याज तिचेच. माहेराहून मिळालेल्या पैशाचे व्याज तिचेच. घरखर्चाच्या पैशांतून काटकसरीने वाचविलेल्या रकमेतून केलेली मालमत्ताही पतीने दिलेली नव्हे, तिचीच, असे नागपूर उच्च न्यायालयाने एका जुन्या खटल्यात मानले होते. शिवाय पतीने दिलेल्या मुद्दलाचे व्याज पतीचे असले, तरी ते व्याज पुन्हा गुंतविल्यावर त्यावर मिळणारे व्याज पत्नीचे ठरते.

आता आमच्या त्या जोडप्याचा २०२५-२६ चा हिशेब मांडू. व्याज शेकडा ७, आणि सोयीसाठी वर्षातून एकदाच धरू. ६ लाखांचे ४२,००० आणि २ लाखांचे १४,०००; एकूण ५६,०००. ज्येष्ठ नागरिक नसलेल्यांचे बँकेकडील व्याज वर्षात ५०,००० वर गेले की शेकडा १० कर कापतात. बाईंनी या खेपेस १५ जी दिला नाही. त्यामुळे ५,६०० रुपये त्यांच्या पॅनवर कापले गेले. यातले पतीचे उत्पन्न ४२,००० आणि त्यावर कापलेला कर ४,२००. पत्नीचे १४,००० आणि १,४००. नव्या पद्धतीत पतीच्या या वरच्या उत्पन्नाला १५ टक्के दर लागतो, म्हणजे ६,३०० आणि उपकरासह ६,५५२. त्यातून ४,२०० वजा जाता भरावयाचे २,३५२. बाईंना दुसरे उत्पन्न नाही, तेव्हा त्यांचा कर शून्य. त्यांचे १,४०० परत मिळावयाचे. पण विवरणपत्र भरल्यावाचून ते परत येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

हे संगणकावर कसे भरावे? प्रथम दोघांनी आपापल्या पॅनने प्रवेश करून वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, उघडावे. तेथे दिसेल की सारे ५६,००० बाईंच्याच नावे आहेत. कारण बँक व्याज कळविते ते पावतीवर ज्याचे नाव पहिले त्याच्या पॅनवर; पैसा कोणाचा हे बँकेला ठाऊक नसते. अर्जात आधीच भरून आलेला आकडा तेथूनच येतो. तो आकडा म्हणजे कायद्याचा निवाडा नव्हे. तो तपासून दुरुस्त करणे हे आपले काम आहे. बाईंनी त्या नोंदीवर माहितीपत्रकातच अभिप्राय द्यावा की ही माहिती पूर्णतः बरोबर नाही, आणि आपल्या विवरणपत्रात ठेवींच्या व्याजाच्या रकान्यात १४,००० लिहावेत.

पतीने 'सहज' हा सोपा अर्ज घेऊ नये. ज्या उत्पन्नावरचा कर दुसऱ्याच्या नावे कापला गेला आहे, ते दाखविणाऱ्यास तो चालत नाही. त्यांनी दोन क्रमांकाचा अर्ज घ्यावा. त्यात पत्नी वा अज्ञान मुलांचे मिळवावयाचे उत्पन्न लिहिण्याचे स्वतंत्र परिशिष्ट आहे. तेथे पत्नीचे नाव, पॅन व ४२,००० लिहावे. कापलेल्या कराच्या पत्रकात हा कर स्वतःचा की दुसऱ्याच्या नावे कापलेला, असे विचारतात. तेथे 'दुसऱ्याचा' निवडून पत्नीचा पॅन व ४,२०० लिहावेत. नियमाप्रमाणे, हे व्याज पतीच्या उत्पन्नात धरले जाणार असल्याचे निवेदन पत्नीने बँकेस द्यावयाचे असते, म्हणजे बँक तेवढा कर पतीच्या नावे कळविते. हे वर्षारंभीच केलेले बरे.

येथून दिव्याला गाडी धरून सावंतवाडी ओलांडली की गोष्ट निराळी होते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचे नियम आजही चालू आहेत, आणि त्यांखालील सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने विवाहित असलेल्यांची मिळकत दोघांची समजली जाते. त्यांच्यासाठी प्राप्तिकर कायद्यात १९९४ साली कलम ५ अ घातले गेले आणि ते १९६३ पासून लागू मानले गेले. पगार ज्याचा त्याचा. बाकी सर्व उत्पन्न निम्मेनिम्मे. आमचे जोडपे तसे असते, तर ५६,००० पैकी प्रत्येकी २८,००० आणि कापलेल्या करापैकी प्रत्येकी २,८०० आले असते. त्यासाठी अर्जात ५ अ नावाचेच परिशिष्ट आहे. मिळालेली रक्कम, जोडीदाराच्या वाट्याची रक्कम, कापलेला कर व त्यातील जोडीदाराचा वाटा असे त्याचे रकाने आहेत. अशांनाही 'सहज' चालत नाही. मात्र डोंबिवलीकर नोकरीनिमित्त पणजीस राहावयास गेला, म्हणून त्याला हा कायदा लागू होत नाही. तो वास्तव्याने नव्हे, विवाहाच्या मालमत्तापद्धतीने लागू होतो.

हा सारा हिशेब ऐकून त्या बाईंनी आम्हांस विचारले, "म्हणजे माझे दोन लाख माझेच ना?" यजमान हसून म्हणाले, "अगं, घरात तुझे-माझे काय?" आम्ही त्यांना सांगितले, "राव, प्रेमात तुझे-माझे नसावे, हिशेबात असावे." जो कामगार मालकाकडे आपल्या ओव्हरटाइमच्या तासातासाचा हिशेब मागतो, त्याने घरातील बारा वर्षांच्या श्रमाचा हिशेब "सगळे एकच" म्हणून पुसून टाकावा, हे आमच्या चळवळीला शोभत नाही. त्या बाईंच्या विवरणपत्रातील १४,००० हा आकडा लहान खरा. पण त्यांनी लाटलेल्या पोळ्यांची सरकारदरबारी झालेली ती पहिली नोंद ठरेल.

म्हणून प्रत्येक घरासाठी आमची सूचना इतकीच: एक वही घाला. कोणती ठेव, कोणत्या तारखेची, आणि तिच्यातला पैसा कोणाच्या कमाईचा, हे तीन रकाने पुरेत. शक्य तर पत्नीच्या कमाईची ठेव वेगळ्या पावतीत ठेवा. एका पावतीत मिसळलेला पैसा पुढे वेगळा दाखविणे कठीण जाते. बँकेचा कोणताही कागद वाचल्यावाचून सही करू नका, आणि घरातल्या बाईला करावयास लावू नका. ज्या बाईंनी ती ओळ वाचली, त्यांच्यामुळे आम्हांलाही ती नीट वाचावी लागली. हे ऋण मान्य करून आम्ही आपली रजा घेतो.