फालशाच्या रोपाचे स्थलांतर

थंड देशांतील परसबागांत रासबेरीची झुडपे हौसेने लावली जातात. पाने गळून गेली की जुन्या झुडपाच्या मुळांपासून फुटलेले धुमारे खणून काढावयाचे व नव्या जागी लावावयाचे, अशी तेथील रीत आहे. आपल्याकडे महाबळेश्वरच्या डोंगरावर रासबेरी पिकते. परंतु वाराणसीच्या सपाट प्रदेशात तिचा खटाटोप व्यर्थ होय. तिला हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते, आणि मे-जूनमधील लू तिला मुळीच सोसत नाही. तेथील बागेत तिची उणीव भरून काढणारे झुडूप म्हणजे फालसा. त्याचे फळ वाटाण्याएवढे, जांभळट तांबडे व आंबटगोड असते. ते तोडल्यावर एक-दोन दिवसांतच नासू लागते, म्हणून दूरच्या बाजारात पाठविता येत नाही. उन्हाळ्यात ज्याला सरबतासाठी ताजे फालसे हवे असतील, त्याने झुडूप दारीच लावणे बरे.

स्थलांतर केलेले रोप मरते ते बहुधा तहानेने. आळ्यात पाणी असतानाही हे कसे घडते? पाणी शोषून घेण्याचे काम जाड मुळे फारसे करीत नाहीत. ते कोवळ्या मुळांच्या टोकांजवळील अतिसूक्ष्म केसांकडे असते. रोप उपटताना हे केस तुटतात. इकडे पानांवरील छिद्रांतून पाण्याची वाफ जातच राहते. जमा थांबली आणि खर्च चालू राहिला, तर रोप दोन दिवसांत माना टाकते.

फालशाचा एक स्वभाव येथे माळ्याच्या उपयोगी पडतो. उत्तर भारतातील थंडीत त्याची पाने गळतात, म्हणजे खर्चाची वाटच बंद होते. खोडात व मुळांत साठविलेल्या अन्नावर रोप सुप्तावस्थेत जगते. पावसाळ्याच्या आरंभी पेरलेल्या बियांची रोपे जानेवारीपर्यंत हलविण्याजोगी होतात. डोळे फुगण्यापूर्वी ती काढली, तर मुळांभोवती माती नसली तरी चालते. मात्र मुळे वाऱ्यावर क्षणभरही सुकू देऊ नयेत. ओल्या गोणपाटात गुंडाळावीत. डोळे फुटल्यावर केलेली घाई बहुधा अंगाशी येते.

सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा आधीच खणून तो माती व कुजलेल्या शेणखताने भरावा. रोप पूर्वी जितके खोल होते तितकेच ठेवावे, माती पायाने दाबावी व लगेच पाणी द्यावे. दोन झुडपांत ३ मीटर अंतर असावे. पाणी साचणारी जागा टाळावी.

फालशाला फळे येतात ती त्याच वर्षीच्या नव्या फांद्यांवर. म्हणून मोठे झालेले झुडूप दर हिवाळ्यात सुमारे ९० सेंटिमीटर उंचीवर निर्दयपणे छाटतात. नवख्याचा हात येथे कचरतो; पण न छाटलेले झुडूप उंच वाढते व फळे हाताबाहेर जातात. तिसऱ्या वर्षापासून चांगली फळे मिळू लागतात. ती एकदम पिकत नसल्याने पुनःपुन्हा वेचावी लागतात.

दक्षिणेकडे थंडी सौम्य असल्याने हे झुडूप पुरते निष्पर्ण होत नाही. तेथे वाराणसीचे पंचांग चालणार नाही. पाने असलेले रोप पावसाळ्यातील ढगाळ दिवशी, मुळांभोवतीची मातीची हुंडी न फोडता हलवावे, व त्यापूर्वी त्याची निम्मी पाने खुडून टाकावीत.