चाळिशीनंतरचे एम.ए.: वयाची नव्हे, वेळेची परीक्षा

मुलांची बारावी पार पडली, घराचे हप्ते आटोक्यात आले, की पदवीवर थांबलेले शिक्षण पुन्हा खुणावू लागते. मग पहिली शंका येते ती वयाची. ती बहुधा निराधार असते. कला, वाणिज्य यांसारख्या सामान्य पदव्युत्तर अभ्यासक्रमांना कमाल वयाची अट सहसा नसते. नेटद्वारे सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरण्यासही वयोमर्यादा नाही. वय आडवे येते ते पैशांच्या बाबतीत. संशोधनाच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी मर्यादा ३० वर्षांची असून महिला व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. त्यापुढच्या विद्यार्थ्याने ही शिष्यवृत्ती हिशेबात धरूच नये.

खरा प्रश्न दिवसाच्या तासांचा आहे. नियमित अभ्यासक्रमाचे वर्ग दिवसा भरतात, उपस्थिती मोजली जाते आणि अंतर्गत मूल्यमापन सत्रभर चालू राहते. पेडणे वा काणकोणहून ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात रोज ये-जा करणाऱ्याचे काही तास बसमध्येच जातात. तीन वर्षांची पदवी असलेल्यास हा क्रम दोन वर्षे सांभाळावा लागतो. घरातील स्वयंपाक, आजारपण, सासू-सासऱ्यांची औषधे यांची वाटणी प्रवेश घेण्यापूर्वी झालेली बरी. पहिल्या सत्रात ती होईल, हा भरवसा सहसा फसतो.

नोकरी सोडणे शक्य नसेल, तर दूरशिक्षणाचा मार्ग उरतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात दोन वर्षांचे एम.ए. चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातील पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांतच नमूद आहे. मात्र मान्यता संस्थेला आहे एवढे पाहून भागत नाही. ती त्या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षासाठी असावी लागते. राज्य मुक्त विद्यापीठांचे दूरशिक्षणाचे कार्यक्षेत्र त्यांच्या राज्यापुरतेच असल्याने, शेजारच्या राज्यातील विद्यापीठाचे केंद्र गोव्यात असल्याचे कोणी सांगितल्यास सावध व्हावे. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात आलेली नाही. प्रौढ विद्यार्थिनींच्या आवडीचा मानसशास्त्र हा विषय, तसेच पोषणशास्त्र, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरशिक्षणाने शिकवण्यास आयोगाने मनाई केली आहे. अशा अभ्यासक्रमाची जाहिरात दिसली, तरी पैसे भरू नयेत.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे, पण निम्मी दमछाक तेथेच होते. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, ही अडचण कित्येक विवाहित महिलांना येते. आता श्रेयांक बँकेचे खाते आधारशी जोडलेले असल्याने नावातील तफावत आधीच उघडी पडते. विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नोंद यांपैकी नेमके काय चालेल, हे विद्यापीठाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. मधल्या वर्षांबद्दलचे प्रतिज्ञापत्रही मागितले जाऊ शकते. ज्येष्ठांची गंमत वेगळीच. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे साठी ओलांडलेल्या अनेक पदवीधरांना स्थलांतर प्रमाणपत्रासाठी आजही मुंबईकडेच अर्ज करावा लागतो.

वर्गात बसल्यावर स्मरणशक्तीची धास्ती वाटते, पण अडते ते बहुधा हातामुळे. वीस वर्षे सलग तीन तास कागदावर न लिहिलेल्यास उत्तरपत्रिका अपुरी राहते. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे, एवढाच त्यावर उपाय. उलट जीवनानुभव येथे उपयोगी पडतो: ग्रामीण साहित्य वा स्थानिक प्रशासन शिकताना शिक्षिका किंवा पंचायत कर्मचारी बावीस वर्षांच्या सहाध्यायापेक्षा पुढे असतो.

एम.ए.नंतर पीएच.डी. करावयाची असल्यास २०२२ च्या विनियमांनुसार ती अर्धवेळ करता येते. नोकरदारास त्यासाठी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, तर पदव्युत्तर पदवीत सर्वसाधारण उमेदवाराला किमान ५५ टक्के गुण हवेत. म्हणूनच ‘केवळ उत्तीर्ण झाले तरी पुरे’ म्हणून सुरुवात करणाऱ्याने हा आकडा पहिल्या सत्रापासूनच ध्यानात ठेवावा.