बोरीवरचा नंबर कुणाचा?

तुमसरात धानाचा हंगाम ऐन भरात होता, बाजार समितीत ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आणि त्याच आठवड्यात ओळखीच्या एका राईस मिलमधले दिवाणजी नोकरी सोडून गेले. भांडण नाही, तंटा नाही; दुसऱ्या मिलनं पगार जास्त दिला, एवढंच. जाताना किल्ल्या दिल्या, वह्या दिल्या, गल्ल्याचा हिशेब दिला. फोन मात्र खिशातच राहिला, कारण फोन त्यांचा आणि सिमही त्यांच्याच आधारवर घेतलेलं. २५ किलोच्या प्रत्येक बोरीवर छापलेला नंबर नेमका तोच. गोंदियाचा व्यापारी ऑर्डर द्यायला फोन करायचा आणि दिवाणजी तो उचलायचे, दुसऱ्या मिलच्या खुर्चीवरून.

मिलच्या शेठजींनी मला बोलावलं. ‘बाप्पा, बोरी माझी, तांदूळ माझा, मग नंबर त्याचा कसा काय? तू कम्प्युटरचंच काम करतोस ना, आणून दे परत.’

आणता येत नाही. मोबाइल कंपनीच्या लेखी ग्राहक दिवाणजीच. पण शेठजींचा प्रश्न हेच माझं रोजचं काम आहे, फक्त आकारानं मोठं. हजारो माणसांच्या कंपन्यांत आता टेबलावरच्या फोनची जागा इंटरनेटवर चालणाऱ्या फोनसेवेनं घेतली आहे. एकच नंबर लॅपटॉपवर वाजतो, मोबाइलवर वाजतो, कधी टेबलावरही. दुसरीकडे ‘आयडेंटिटी गव्हर्नन्स’ नावाची प्रणाली असते. कोणत्या कर्मचाऱ्याला काय दिलं, कुणी मंजूर केलं आणि परत कधी घेतलं, याचं हे जागतं दप्तर. फोनसेवा या दप्तराला जोडायची, हा आमचा धंदा. आणि या जोडणीबद्दल गैरसमज इतके, की अर्धा वेळ ते निस्तरण्यातच जातो.

सगळ्यात जुना गैरसमज: ‘आमचं लॉगिन एकच आहे, म्हणजे फोन जोडलेलाच आहे.’ एकच पासवर्ड सगळीकडे चालणं ही सोय आहे, तिला सिंगल साइन-ऑन म्हणतात, आणि त्यामागचं सॅमल २.० हे मानक २००५ पासून वापरात आहे. पण ते फक्त दारावरचा पहारेकरी. आत कोण किती दिवस राहतं, हे त्याला विचारू नये. माणूस गेला, लॉगिन बंद केलं, तरी त्याच्या नावाची लाइन चालू राहते, तिचं भाडं चालू राहतं, आणि त्यानं स्वतःच्या मोबाइलवर कॉल वळवून ठेवले असतील तर ते वळतच राहतात. टेबलावरच्या फोनची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची ओळख त्या यंत्रातच साठवलेली असते, तो कुणाच्या लॉगिनची वाट पाहत नाही. खुर्ची रिकामी, फोन वाजतोय, असं दृश्य मी एकाहून जास्त कार्यालयांत पाहिलं आहे.

लाइन देणं, बदलणं आणि काढून घेणं यासाठी वेगळी वाट लागते. त्यासाठीचं सर्वमान्य मानक म्हणजे स्किम. त्याची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आणि इथेच माहीतगार लोकसुद्धा फसतात. स्किममध्ये कर्मचाऱ्याच्या नोंदीत ‘फोन नंबर’ असा रकाना आहेच. मग लोक समजतात, रकान्यात नंबर लिहिला की लाइन मिळाली. मिळत नाही! तो रकाना म्हणजे पत्त्याच्या वहीतली ओळ. वहीत कुणाच्या नावापुढे कलेक्टर कचेरीचा नंबर लिहिला म्हणून तो माणूस कलेक्टर होत नाही. प्रत्यक्ष लाइन देणं, कॉल वळवण्याची मुभा, रेकॉर्डिंग ऐकण्याचा हक्क, हे त्या मानकाच्या मूळ साच्यात नाही. प्रत्येक फोनसेवा ते आपापल्या पद्धतीनं करते: कुणी गटांमार्फत, कुणी स्वतंत्र एपीआयमधून. म्हणून विक्रेता ‘आम्ही स्किम चालवतो’ म्हणाला की मी लगेच विचारतो, ‘त्यातून नंबर देता येतो का, आणि काढता येतो का?’ दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक वेळा शांतता पसरते.

‘फोनमध्ये कसली आली गुपितं? खरी माहिती तर सर्व्हरवर.’ असं म्हणणाऱ्याला मी जुलै २०२० आठवायला सांगतो. ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना फोन आले, ‘आयटी विभागातून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनची अडचण सोडवतो.’ बोलता बोलता त्यांच्याकडून बनावट पानावर पासवर्ड भरून घेतले, आणि ओबामा, बायडन, मस्क यांच्या खात्यांवरून बिटकॉइनची भामटेगिरी झाली. फोनवर आपल्याच माणसाचा आवाज आहे, या विश्वासावर अख्खी कंपनी चालते. त्यात कंपनीच्या खऱ्या नंबरावरून बोलण्याची सोय जुन्या कर्मचाऱ्याकडे उरली, तर भामट्याला सोंग घ्यायचीही गरज नाही. कॉल कुठे वळतो यावर धंदे बुडतात हे काही आजचं नाही. स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट १८९१ मध्ये मिळवणारा आल्मन स्ट्राउजर हा अंत्यविधीचं सामान पुरवणारा होता. प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि ती गिऱ्हाइकांचे कॉल नवऱ्याकडे लावायची, या रागातून त्यानं यंत्र बनवलं, असं सांगतात. दंतकथा असेल, पण शेठजींना ती लगेच पटली.

बरं, मग माणूस गेला की खातं पुसून टाकावं का? ही दुसऱ्या टोकाची घाई. पुसलं की व्हॉइसमेल जातो, रेकॉर्डिंग जाऊ शकतं, आणि नंबर कंपनीच्या साठ्यात परत जाऊन उद्या नव्या पोराला मिळतो. मग त्या पोराला जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आणि कदाचित जुन्या खात्यांचे ओटीपीसुद्धा. मोबाइलच्या जगात हा धोका ओळखूनच बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. कार्यालयातही क्रम तोच ठेवावा: आधी खातं गोठवायचं, कॉल वरिष्ठाकडे वळवायचे, रेकॉर्डिंग ठरल्या मुदतीपर्यंत जपायचं, नंबर थोडे दिवस बाजूला ठेवायचा, आणि मगच खातं पुसायचं.

जाणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. आतल्या आत बदली झालेल्याकडे कुणीच बघत नाही. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं, की सेवेचे आणि व्यवहाराचे कॉल १६०० मालिकेतून करा, जाहिरातीचे १४० मालिकेतून. आता सेवा विभागातला माणूस विक्रीत गेला आणि लाइन जुनीच राहिली, तर ग्राहकाला कर्जाची जाहिरात भरवशाच्या नंबरावरून जाणार. ही चूक टाळायची तर बदलीची नोंद होताच लाइनही बदलली पाहिजे, आणि ती नोंद मनुष्यबळ विभागानं त्याच दिवशी करायला हवी. महिन्यानं केली, तर प्रणाली महिनाभर चुकीचंच पण अगदी इमानदारीनं करत राहते.

‘एकदा जोडलं की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी एक लग्नाची गोष्ट. एका कर्मचारी ताईंचं लग्न झालं, आडनाव बदललं, म्हणून ईमेलही बदलला. जोडणी करताना कुणीतरी माणूस ओळखायची खूण म्हणून ईमेलच ठेवला होता. प्रणालीला वाटलं, नवीन बाई आली. नवं खातं निघालं, नवा नंबर मिळाला. जुना नंबर माहेरच्या नावावर वाजत राहिला. तीन आठवडे गिऱ्हाइकं म्हणत होती, ताई फोन उचलत नाहीत. खूण म्हणून कधीच न बदलणारा कर्मचारी क्रमांक ठेवला असता, तर हे घडलंच नसतं. आणि गेटवरचा, काट्यावरचा फोन? तो माणसाचा नसतो, जागेचा असतो. त्यालाही दप्तरात एक जबाबदार नाव लागतंच, नाहीतर तपासाच्या वेळी ‘कुणी केला कॉल?’ याला उत्तर मिळत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं आहे. पण नोंदीत ‘गेट’ एवढंच लिहिलेलं असेल तर ती जपून काय उपयोग?

याच दप्तरातून दर तिमाहीला साहेबांपुढे कुणाकडे कोणते हक्क आहेत याची यादी तपासायला येते आणि साहेब सगळ्यांपुढे ‘मंजूर’ दाबतात. यात साहेबांचा दोष कमी. यादीत ‘सीआर-ॲडमिन-३’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. ‘हा माणूस तुमच्या पंधरा जणांचे कॉल ऐकू शकतो, चालेल?’ असं साध्या भाषेत लिहून बघा, साहेबांचं बोट थबकतं.

शेठजींना यातली कोणतीच प्रणाली मी घ्यायला लावली नाही. दहा माणसांच्या मिलला ती म्हणजे कनकी चाळायला क्रेन. मिलच्या नावावर एक नवं कनेक्शन, आणि सिम कुणाच्या हाती याची सहीसकट एक वही. त्यांचं काम भागलं. नव्या बोऱ्यांवर नवा नंबर छापून आला. जुन्या बोऱ्यांची थप्पी मात्र अजून संपायची आहे, आणि त्या जिथे जिथे जातात तिथून फोन अजून दिवाणजींनाच जातो. ते बिचारे ऐकून घेतात, नवा नंबर सांगतात आणि म्हणतात, ‘तिकडं लावा, मी आता तिथं नाही.’