‘चुकलं माझं’ म्हणायची सवय

पेनसिल्व्हेनियात राहायला आलो, त्याला आता सात वर्षं झाली. भारतातून कुणी पाहुणे आले की आमची एक सहल ठरलेली असते. लँकेस्टर काउंटीतली आमिश लोकांची वस्ती बघायला जायचं. मोटारींच्या शेजारून टपटप जाणाऱ्या घोडागाड्या, दोरीवर वाळत घातलेले एकरंगी कपडे, खेचरं जुंपून चाललेली नांगरट. आई-बाबांना तर हे बघून आपलं गावच आठवलं. सरकारी तारेवरची वीज न घेणारे, मोटार न बाळगणारे, जुन्या वळणाचे ख्रिस्ती लोक, एवढीच माझी त्यांच्याबद्दलची माहिती होती.

गेल्या वर्षी आमच्यासोबत ऑफिसातला एक मित्र आला होता. मूळचा नगरचा, मराठी ख्रिस्ती. तो म्हणाला, ‘‘अरे, घोडागाड्या काय बघत बसलास? हे लोक एकमेकांचे पाय धुतात, ते माहीत आहे का तुला?’’

मला खरंच माहीत नव्हतं. मग त्याने सांगितलं. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे. अनेक चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी धर्मगुरू निवडक लोकांचे पाय धुतात. आमिश लोकांत मात्र ते काम सगळ्यांचंच. वर्षातून दोनदा प्रभुभोजन असतं, तेव्हा पुरुष पुरुषांचे आणि बायका बायकांचे पाय धुतात. पण त्याआधी मंडळीची एक सभा होते. कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर ते आधी मिटवायचं. मंडळीत एकोपा नसेल तर प्रभुभोजनच पुढे ढकललं जातं.

हे ऐकून मी जरा गप्पच झालो. त्याला कारण होतं.

त्याच्या काही महिने आधी आमचं एक रिलीज फसलं होतं. शुक्रवारी रात्री बदल लाइव्ह केले आणि ग्राहकांची बिलं दोनदा निघायला लागली. चूक माझी होती. एक सेटिंग बदलायचं मी विसरलो होतो. सोमवारच्या मीटिंगमध्ये ‘हे कसं झालं?’ असा प्रश्न आला, तेव्हा मी म्हणालो, ‘‘पुण्याच्या टीमने टेस्टिंग नीट केलेलं दिसत नाही.’’ खोटं असं बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही. पुण्यातल्या एका ज्युनिअर मुलाला त्या प्रोजेक्टवरून काढलं. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

आमिश लोकांबद्दल मी त्यानंतर बरंच वाचलं. 2 ऑक्टोबर 2006 रोजी लँकेस्टर काउंटीतल्याच निकेल माइन्स इथल्या एका खोलीच्या शाळेत बंदूक घेऊन एक माणूस शिरला. दहा मुलींवर त्याने गोळ्या झाडल्या, त्यातल्या पाच गेल्या. मग त्याने स्वतःलाही संपवलं. तो त्याच भागातला, दुधाचा टँकर चालवणारा. त्याच दिवशी काही आमिश माणसं त्याच्या बायकोला आणि आई-वडिलांना भेटायला गेली. तुमच्याबद्दल आमच्या मनात राग नाही, हे सांगायला. त्याच्या दफनालाही ती मोठ्या संख्येने हजर होती. मदत म्हणून आलेल्या पैशांतला काही भाग त्याच्या कुटुंबालाही दिला गेला.

एका दिवसात माणसाला एवढं बळ कुठून येतं? मला वाटतं, ते एका दिवसात येत नाहीच. रोजच्या साध्या गोष्टींत त्याचा सराव चाललेला असतो. ‘आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर’ अशा अर्थाची प्रभूची प्रार्थना त्यांच्या घरात लहानपणापासून तोंडी असते. त्यांना चर्चची इमारत नसते. एक रविवार आड कुणाच्या तरी घरी उपासना होते आणि बाकं गाडीत घालून त्या घरी नेली जातात. उपदेशक व्हायला कुणी अर्ज करत नाही. लोकांनी सुचवलेल्या माणसांपुढे गीतांची पुस्तकं ठेवतात. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल, त्याने ते काम बिनपगारी आणि जन्मभर करायचं. मोठेपणा मिरवायला जागाच ठेवलेली नाही. आणि गंभीर चूक झाली तर मंडळीसमोर गुडघे टेकून ती कबूल करायची.

हे सगळे संतमहात्मे आहेत, असं मला म्हणायचं नाही. बाप्तिस्मा घेऊन नंतर मंडळी सोडणाऱ्याशी ते फार कडक वागतात, त्याच्यासोबत एका टेबलावर जेवतही नाहीत. मुळात 1693 मध्ये याकोब आमान आणि त्याचे सहकारी युरोपातल्या आपल्याच धर्मबंधूंपासून फुटले, तेही अशा बहिष्काराच्याच वादातून. पुढे 1700 मध्ये आमानच्या बाजूने आपण घाईने वागल्याचं कबूल करून माफी मागितली. तरीही समेट झाला नाही. म्हणजे माफी मागितली की सगळं जुळतंच असं नाही. पण मागायची ती मागायचीच.

आपल्याकडे नम्रता म्हणजे गोड बोलणं, असं मी समजत होतो. तसा मी ऑफिसात नम्रच आहे! पण ज्याच्या वर आपण बसलो आहोत, त्याला ‘चुकलं माझं’ म्हणता येतं का, खरी परीक्षा तिथे आहे.

शेवटी मी मॅनेजरला मेल लिहिली. चूक कुणाची होती, ते नावानिशी लिहिलं. त्यात पुण्याच्या त्या मुलालाही घेतलं. मग त्याला फोन केला. मराठीतच बोललो. तो म्हणाला, ‘‘ठीक आहे सर, जुनी गोष्ट आहे.’’

त्याचं ते ‘सर’ मला लागलं. त्याने मनापासून माफ केलं की नाही, ते कळलं नाही. ते त्याच्याकडे. माझ्याकडचं काम तेवढं मी केलं, आणि तेही फार उशिरा.

या वेळी पाहुण्यांना लँकेस्टरला घेऊन जाईन, तेव्हा घोडागाड्यांसोबत ही पाय धुण्याची गोष्टही सांगेन. माझी स्वतःची गोष्ट सांगायला जमेल का, ते बघू.